अंगणाचे माप

पूल हा शब्द आपल्या घरांतून अजूनही थोडा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. मुलगा कॅरम खेळतो असे सांगताना आईला संकोच वाटत नाही. तो बुद्धिबळ खेळतो असे सांगताना तर तिच्या स्वरात थोडा अभिमानही असतो. ‘पूल खेळतो’ या वाक्याला मात्र ‘पण अभ्यासात चांगला आहे’ ही पुस्ती जोडावीच लागते. माझ्या पुतण्यामुळे आमच्या वहिनींवर गेली चार वर्षे ही वेळ येत आहे. मी वाशीमला आयुष्यभर गणित शिकवले. खेळांशी माझा संबंध आला तो कॅरमपुरता. तरीही गेल्या वर्षी घरात उठलेल्या एका वादामुळे मला या खेळाच्या मापांत शिरावे लागले, आणि एकदा शिरल्यावर लवकर बाहेर येववले नाही.

वाद असा होता. पुतण्या आमच्या गावातल्या पूल हॉलमध्ये सहसा कोणाला हार जात नाही. तिथले जुने खेळाडूसुद्धा त्याच्याशी खेळायला उभे राहण्यापूर्वी दोन डावांची सूट मागून घेतात. तोच मुलगा पुण्याच्या एका खुल्या स्पर्धेत गेला आणि पहिल्याच फेरीत ७-२ असा हरून परत आला. घरात पाऊल टाकताच तो मला म्हणाला, “काका, तिथले टेबल मोठे होते. पॉकेटेही लहान होती.” दादा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडे.” वहिनी काहीच बोलल्या नाहीत, पण रात्री जेवताना, आता हे सारे थांबवून परीक्षेकडे पाहावे असे त्यांनी सुचवले.

दादांची म्हण सर्वांच्या तोंडी आहे, आणि ती बहुधा खरीच ठरते. परंतु म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे अंगण सरळ आहे. ते खरोखर सरळ आहे की नाही हे कोणी मोजून पाहत नाही. शिक्षकी पेशात मोजल्यावाचून उत्तर लिहायचे नाही हे मुलांना इतक्या वेळा बजावले आहे, की स्वस्थ बसणे मला शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोजपट्टी घेऊन त्या हॉलमध्ये गेलो.

मापे सांगण्यापूर्वी वहिनींच्या आक्षेपाविषयी लिहिले पाहिजे, कारण तो निराधार नाही. इंग्रजीत ‘पूल’ म्हणजे खेळणाऱ्यांनी एकत्र टाकलेली पैशांची रास. एकोणिसाव्या शतकातल्या बिलियर्ड्सच्या खोल्यांत प्रत्येकाने आपला वाटा टाकायचा आणि शेवटी उरलेल्याने तो उचलायचा, असे काही खेळ चालत. त्यावरूनच पुढे खेळालाही ते नाव चिकटले. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे हे ज्या घरात लहानपणापासून ऐकवले जाते, तिथे अशा नावाचा खेळ संशयाने पाहिला जाणारच. आजही अनेक गावांतून ‘हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे’ अशी पद्धत आहे. लोक तिला जुगार म्हणत नाहीत. मला स्वतःला ती त्याच दिशेने जाणारी पायरी वाटते. आमच्या मुलाने पहिल्या दिवसापासून, हरो वा जिंको, आपला अर्धा वाटा स्वतः द्यायचा असे ठरलेले आहे, आणि तो ते पाळतो. सुरुवातीला मित्र हसले. आता त्याच्याशी खेळणे स्वस्त पडते म्हणून रांग लागते. खेळाला लागलेला डाग आणि खेळ यांत फरक करता येतो असे मी मानतो. वहिनींना तो फरक अजून पूर्णपणे पटलेला नाही.

आता मापांकडे वळू. पूलच्या टेबलाला आपण ‘सात फुटी’, ‘आठ फुटी’, ‘नऊ फुटी’ असे म्हणतो; चेंडू ज्या कापडावर धावतो ती जागा त्याहून थोडी कमी असते. नऊ फुटी टेबलावर ती १०० इंच लांब व ५० इंच रुंद, आठ फुटीवर साधारणतः ८८ व ४४, सात फुटीवर ७८ व ३९ अशी भरते. चेंडू मात्र तिन्हींवर तोच, २.२५ इंच म्हणजे ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे कोपऱ्यातल्या पॉकेटाचे तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असावे. साडेचार इंच म्हणजे बरोबर दोन चेंडूंची रुंदी. दोन चेंडू अंगाला अंग लावून त्या तोंडात नेमके बसतात, न कमी न जास्त. टेबल पारखण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. मोजपट्टी नसली तरी चालते.

आमच्या गावचे टेबल आठ फुटी निघाले, आणि त्याची पॉकेटे पाच इंची. दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवून वर अर्ध्या इंचाची फट उरत होती. पुण्याच्या त्या स्पर्धेत टेबल नऊ फुटी होते आणि पॉकेटे सव्वाचार इंचांची. आयोजकांनी ते आधीच जाहीर केले होते. आकडे ऐकून दादा म्हणाले, “पाऊण इंचाने असे काय बिघडते?” प्रश्न रास्त होता. मी कागद घेऊन बसलो.

चेंडूच्या मध्यबिंदूला पॉकेटाच्या तोंडात जी मोकळीक मिळते ती म्हणजे तोंडाची रुंदी वजा चेंडूचा व्यास. आमच्याकडे १२७ वजा ५७, म्हणजे जवळजवळ ७० मिलिमीटर. पुण्याला १०८ वजा ५७, म्हणजे ५१ मिलिमीटर. तोंड पाऊण इंचानेच आखडले, पण मोकळीक एक चतुर्थांशाहून अधिक घटली. दुसरी गोष्ट लांबीची. पांढरा चेंडू आधी दुसऱ्या चेंडूपर्यंत जातो आणि मग तो दुसरा चेंडू पॉकेटापर्यंत जातो. पहिल्या प्रवासात झालेली केसभर चूक दुसऱ्या प्रवासात वाढत जाते. टेबल मोठे झाले की दोन्ही अंतरे वाढतात, आणि परिणाम दोघांच्या गुणाकाराने होतो. ८८ चे १०० झाले तर लांबी सुमारे १.१४ पट होते, पण नेमाची कसोटी १.१४ गुणिले १.१४, म्हणजे १.२९ पट कडक होते. मोकळिकीतला फरक १.३७ पट. दोन्हींचा गुणाकार केला की उत्तर येते पावणेदोन पट आणि वर थोडे.

म्हणजे टेबलावर चेंडू त्याच ठिकाणी मांडून तोच फटका मारायला सांगितला, तर पुण्याच्या टेबलावर हाताची चूक खपण्याची सीमा वाशीमच्या जवळजवळ निम्म्यावर येते. याचा डावावर काय परिणाम होतो तेही पाहावे. समजा, घरच्या टेबलावर मुलगा शंभरात ९५ चेंडू घालतो. नाइनबॉलचे नऊ चेंडू एकाच खेपेत साफ करण्याची शक्यता मग शंभरात ६३ येते. चुकण्याचे प्रमाण पाचावरून पावणेनऊवर गेले, तर तीच शक्यता ४४ वर उतरते. हिशेब ढोबळ आहे हे मान्य. प्रत्यक्षात फटके काही एकसारखे नसतात. पण पाऊण इंचाने काय बिघडते याचे उत्तर त्यातून मिळते. दादांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

आता कोणी म्हणेल, समोरचा खेळाडूही त्याच टेबलावर होता. बरोबर. मात्र तो तशाच टेबलावर वाढलेला होता. इथेच पूल हा खेळ त्याच्या थोरल्या भावंडांपासून, बिलियर्ड्स आणि स्नूकरपासून, वेगळा पडतो.

स्नूकरचा जन्म आपल्यापासून फार दूर झालेला नाही. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबर्लेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ते हे नव्हेत) प्रचलित ‘ब्लॅक पूल’मध्ये आणखी रंगीत चेंडू मिसळून हा खेळ रचला. पुढे १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, तेव्हा जबलपूर आणि वाशीम एकाच प्रांतात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी आपला जुना जिल्हा अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ मध्ये तो आपल्याला परत मिळाला. हे विषयांतर झाले, पण स्नूकर हा काही सातासमुद्रापलीकडचा चमत्कार नव्हे हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे वाटते.

तर स्नूकर आणि बिलियर्ड्सचे टेबल सर्वत्र बारा फुटी. खेळण्याची जागा ३,५६९ मिलिमीटर लांब आणि १,७७८ रुंद. कोलकात्यातही तीच, लंडनमध्येही तीच. पॉकेटे साच्याने तपासली जातात. या एकाच मापाने आपल्या देशाला काय दिले ते पाहण्यासारखे आहे. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले विश्वविजेतेपद. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ व १९८३ असे तीनदा जिंकले. पुण्यात जन्मून बंगळूरमध्ये घडलेल्या पंकज अडवाणीची बिलियर्ड्स व स्नूकरची विश्वविजेतेपदे पंचविसाच्या पुढे गेली आहेत. ही माणसे गुणी होतीच. पण त्यांनी घरी जे टेबल पाहिले तेच त्यांना परदेशात भेटले, याचेही मोल आहे. जोन्स न्यूझीलंडला गेले तेव्हा हात नवीन मापाला जुळवून घेण्यात त्यांची एकही संध्याकाळ खर्ची पडली नसणार.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. ती बारा फुटी टेबले होती कुठे? बहुतांशी जिमखान्यांत आणि क्लबांत, शहरांत, सभासदत्वाच्या दाराआड. वाशीम, रिसोड, मंगरूळपीरच्या मुलाला ते दार दिसतही नव्हते. त्याच्यापर्यंत जे पोहोचले ते पूलचे टेबल, आणि तेही लहान. लहान का, याचे कारण खेळात नाही, बाजारपेठेत आहे. क्यू सुमारे पाच फूट लांब असते. टेबलाच्या चारही बाजूंना तेवढी जागा मोकळी लागते. नऊ फुटी टेबलाला म्हणून साधारण १८ फूट लांब व १४ फूट रुंद खोली हवी, बारा फुटीला जवळजवळ २२ बाय १६. आपल्याकडे दुकानाचे गाळे किती रुंदीचे असतात हे ज्यांचा व्यापार आहे त्यांना मी सांगायला नको. आमच्या हॉलच्या मालकांनी दोन गाळ्यांमधली भिंत पाडली, तेव्हा कुठे आठ फुटी बसले. तरीही खिडकीकडच्या बाजूने फटका मारायचा तर आखूड क्यू घ्यावी लागते. मुलाची खेळाची शैली गाळ्याच्या रुंदीने ठरावी हे विचित्र वाटते, पण तसे झाले आहे खरे.

अमेरिकेत, जिथे पूल हा घरचा खेळ, तिथेही हे माप कधी स्थिर राहिले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या अजिंक्यपद स्पर्धा दहा फुटी टेबलावर होत. नंतर नऊ फुटी रूढ झाले. मद्यगृहांतून आणि हौशी लीगमधून सात फुटी टेबल पसरले, आणि लाखो लोकांनी पूल म्हणजे एवढाच असे मानले. विली मोस्कोनी या थोर खेळाडूने १९५४ मध्ये ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड येथे एकही न चुकता सलग ५२६ चेंडू घातले. साठ वर्षांहून अधिक काळ तो आकडा अढळ होता. पण ते टेबल आठ फुटी होते. २०१९ मध्ये जॉन श्मिटने नऊ फुटीवर ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. मग चर्चा सुरू झाली: कोणाचे पॉकेट किती रुंद, कोणाचे कापड किती वेगवान, मोठे कोण? मला वाटते मोठेपणाचा हा वाद मिटणार नाही आणि मिटू नये. पण एका खेळाडूचे काम दुसऱ्याशी ताडून पाहायला आधी टेबल ताडावे लागते, ही अडचण खेळाच्या मुळाशीच आहे.

लहान टेबल म्हणजे सोपे टेबल, असा समज मात्र मी करून घेतलेला नाही, आणि तो पुतण्याच्या मित्रांनी मला करूही दिला नाही. सात फुटी टेबलाचे क्षेत्रफळ नऊ फुटीच्या सुमारे ६१ टक्के भरते, चेंडू मात्र तेवढेच आणि त्याच आकाराचे. म्हणजे गर्दी. पंधरा चेंडू एकमेकांच्या वाटेत उभे राहतात, दोन-तीन जण चिकटून बसतात, पांढऱ्याला मोकळी वाट मिळत नाही. एकेक चेंडू घालणे सोपे, पण कोणता आधी घालायचा, कोणता घोळका केव्हा फोडायचा, हे ठरवणे अवघड. एकदा नागपूरहून एक तरुण नातेवाइकांकडे आला होता. स्नूकरवर वाढलेला; सरळ, लांब फटके पाहत राहावे असे. आमच्या मुलाने त्याला सलग तीन डाव हरवले. त्या तरुणाला चेंडू घालता येत होते. त्यांच्या दाटीतून वाट काढता येत नव्हती. मोठ्या टेबलाने त्याच्या हाताला वळण लावले होते, लहान टेबलाने आमच्या मुलाच्या डोक्याला. म्हणून आठ फुटीवर वाढलेली मुले कच्ची असतात हे मत मला मान्य नाही. ती अर्धी तयार असतात, आणि मोठ्या टेबलावर वाढलेलीही एकपरीने अर्धीच.

पॉकेट अरुंद करण्याचे मात्र असे दोन्ही बाजूंनी कौतुक करता येत नाही. अलीकडे नाइनबॉलच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत चार इंची तोंडाची पॉकेटे वापरली जातात. उद्देश स्पष्ट आहे: खेळाडू इतके तरबेज झाले आहेत की साडेचार इंचांवर एकाने डाव फोडला की दुसरा खुर्चीवरून उठतच नाही. पॉकेट आखडले की चूक होते, चूक झाली की स्पर्धा रंगते. पण त्याबरोबर काही गोष्टी कमी होतात. गादीला घासून जाणारा चेंडू जबड्याला लागून बाहेर येतो. जोरकस फटका, ज्यातून पांढऱ्याला लांब फिरवून आणता येते, तो धोक्याचा ठरतो. खेळाडू हलक्या हाताने, जपून खेळू लागतात. दोन-तीन सामने पाहिले तर हे जपून खेळणे डोळ्यांना जाणवते.

हा प्रयोग नवीनही नाही. १८७० मध्ये लंडनला बिलियर्ड्सच्या अजिंक्यपदासाठी विल्यम कूक आणि थोरले जॉन रॉबर्ट्स यांची लढत झाली. त्या काळी एकाच ठिकाणचा लाल चेंडू पुन्हा पुन्हा वरच्या पॉकेटांत घालून गुणांच्या राशी रचल्या जात, आणि कूक त्यात वाकबगार होता. त्याला आळा बसावा म्हणून खास टेबल तयार झाले: पॉकेटे फक्त तीन इंची, लाल चेंडूची खूण गादीकडे सरकवलेली. तरीही जिंकला तो विशीतला कूकच. आणि त्या टेबलावर गुणसंख्या इतकी रोडावली, खेळ इतका सावध झाला, की पुढे हे ‘अजिंक्यपदाचे टेबल’ मागे पडले. अरुंद पॉकेटाने उत्तम खेळाडू खाली येत नाही. तो फक्त हळू खेळतो. माझे मत विचाराल तर टेबल मोठे करावे, पॉकेट दोन चेंडूंच्या रुंदीहून फार खाली नेऊ नये. मोठे टेबल खेळाडूकडून अधिक मागते, अरुंद पॉकेट त्याला अधिक भिववते.

मी स्वतः कॅरमचा माणूस असल्यामुळे ही मोकळिकीची गोष्ट मला चटकन उमगली. कॅरमचे छिद्र ४.४५ सेंटिमीटरचे आणि सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ची, मध्यबिंदूला मोकळीक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. पण बोर्डच मुळी ७४ सेंटिमीटरचा, म्हणून अंतराची मार नाही. मुख्य म्हणजे स्पर्धेचा बोर्ड सगळीकडे सारखा. तो दोन मुले डोक्यावर घेऊन जाऊ शकतात, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या वर्गात मांडू शकतात. मुंबईचे प्रशांत मोरे कॅरमचे विश्वविजेते झाले, ते ज्या मापाच्या बोर्डावर खेळले तेच माप मानोऱ्यातल्या एखाद्या मंडळालाही विकत घेता येते. पूलच्या दगडी तळाच्या टेबलाचे वजन चार-पाच क्विंटल. ते एकदा बसले की बसले.

आणि बसल्यावरही ते जागच्या जागी बदलत राहते, ही गोष्ट मला हॉलमध्ये बसूनच कळली. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, दार उघडले की धूळ आत येते आणि कापडावर बारीक थर बसतो. श्रावणात तेच कापड ओल धरते आणि चेंडू चिखलातून चालल्यासारखा चालतो. आमच्या टेबलाचे कापड सहा वर्षांचे होते. त्यावर पांढरा चेंडू हव्या त्या जागी न्यायचा तर मुलाला जोर लावावा लागे. पुण्याला वातानुकूलित दालन, नवे गुळगुळीत कापड. त्याने सवयीचा जोर लावला आणि पांढरा दोन हात पुढे निघून गेला. सामन्याचा वृत्तांत त्याच्याकडून मी डावागणिक लिहून घेतला तेव्हा दिसले, की हरलेल्या सात डावांपैकी तीन पॉकेटाच्या जबड्याने नेले, तीन या धावत्या पांढऱ्याने, आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या निखळ चांगल्या खेळाने. त्या एका डावाबद्दल तो अजूनही आदराने बोलतो.

हा कागदही दादांनी वाचला. “मग काय, आता घर पुण्याला हलवायचे?” असे ते म्हणाले, पण त्यात आधीचा उपहास नव्हता. वहिनींनी वेगळाच प्रश्न विचारला, “इथले टेबल तिथल्यासारखे करता येत नाही का?”

करता येते, काही अंशी. पॉकेटाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना रबराची पट्टी असते. तिच्याखाली थर वाढवला की तोंड आखडते. कापड बदलताना कारागीर ते काम सहज करतो. अडचण होती मालकांची. त्यांच्याकडे तीन टेबले. गिऱ्हाईक येते ते चेंडू पॉकेटात पडल्याचा आवाज ऐकायला. तास भाड्याने घ्यायचा आणि चेंडू जबड्यातून परत येताना पाहायचा, याला कोण पैसे देईल? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रुंद पॉकेट हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे, आणि गावातली बहुसंख्य मुले तिथे करमणुकीलाच येतात. महिनाभर घोळ चालला. शेवटी ठरले ते असे: भिंतीकडच्या एका टेबलाचे कापड बदलायचे, त्याचे तोंड साडेचार इंचांवर आणायचे, कापडाचा अर्धा खर्च आम्ही द्यायचा, आणि दुपारी दोन ते चार, जेव्हा हॉल रिकामाच असतो, ते टेबल सरावासाठी कमी दरात मिळायचे. दादांनी पैसे दिले. वहिनींनी वेळेची अट घातली. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस हॉल बंद.

पॉकेट बसवून झाल्यावर मी दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नेमके बसले.

गिऱ्हाइकांनी त्या टेबलाचे नाव ‘कंजूस टेबल’ ठेवले आहे. पहिल्या आठवड्यात पुतण्याने त्याच्यावर मांडलेल्या पन्नास डावांपैकी अकरा एका खेपेत साफ केले. जुन्या टेबलावर तो पंचवीसच्या खाली येत नसे. मित्रांकडून दोनदा हरला आणि घरी येऊन न जेवता झोपला. गेल्या महिन्यातला आकडा पन्नासात एकोणीस आहे. वही माझ्याकडे असते. आकडे तो सांगतो, मी लिहितो, खाडाखोड चालत नाही. टेबल अजून आठ फुटीच आहे, भिंत काही सरकणार नाही. म्हणून लांब फटक्यांसाठी महिन्यातून एक रविवार तो अकोल्याला ओळखीच्यांकडे राहून मोठ्या टेबलावर हात साफ करतो. पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. या खेपेला त्याच्यासोबत वहिनी जाणार आहेत. मुलगा हरला तर कोणत्या डावात, का, ते लिहून आणण्यासाठी त्यांनी माझ्याकडून कोरी वही मागून घेतली आहे.